मराठी ख्रिस्ती उपासनेतील गायननेतृत्व : दक्षिण कोकणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजशब्द : उपासनासंगीत, गायननेतृत्व, ओवी, ख्रिस्ती कीर्तन, ना. वा. टिळक, व्हॅटिकन परिषद, सिंधुदुर्ग.

प्रस्तावना

कुडाळ तालुक्यातील वालावल हे कर्ली नदीच्या परिसरातील गाव लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन मंदिरासाठी आणि त्यालगतच्या तलावासाठी सर्वपरिचित आहे. या पंचक्रोशीतील देवळांमधून चालणारी भजने, आरत्या, कीर्तने आणि जत्रेच्या रात्री रंगणारा दशावतार यांनी येथील माणसाचा कान घडविला आहे. तोच कान घेऊन सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले या भागांतील ख्रिस्ती माणूस रविवारी चर्चमध्ये जातो. तेथे त्याच्या कानावर पडणाऱ्या संगीताचा इतिहास मात्र निराळा आहे. लॅटिन, पोर्तुगीज, कोकणी, इंग्रजी आणि मराठी अशा अनेक प्रवाहांतून ते आलेले आहे. या दोन श्रवणसंस्कारांच्या मध्ये उभे राहून ज्याला चर्चमधील गायन चालवावे लागते, त्या व्यक्तीच्या कामाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ख्रिस्ती मराठी साहित्याचा अभ्यास अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांनी केला. टिळकांच्या काव्याचीही समीक्षा झाली. तथापि हे काव्य प्रत्यक्ष उपासनेत कोण गाई, कोण गाववून घेई आणि जमलेले लोक त्यात कितपत सामील होत, हा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. उपासनेतील गीत छापील पानावर पूर्ण होत नाही. ते समूहाच्या कंठातून उमटले तरच पूर्ण होते. म्हणून गीतकाराइतकेच गायननेत्याचे स्थानही इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे ठरते.

मराठी चर्चच्या संगीताची चर्चा बहुधा 'देशी की विदेशी' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. चाली देशी झाल्या, पेटी-तबला आला, की प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. इतिहास या गृहीतकाला पुरेसा आधार देत नाही. चाल कोणत्या देशातून आली यापेक्षा गाणारा नेता समूहाच्या संबंधात कोठे उभा आहे, यावर लोक गातात की नुसते ऐकतात हे अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ओवी आणि 'कोरो' : गोव्याचा वारसा

दक्षिण कोकणातील कॅथलिक समाजाची मुळे मुख्यत्वे गोव्यात आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत वेगवेगळ्या कारणांनी अनेक कुटुंबे गोव्यातून सावंतवाडी संस्थानात आणि त्याच्या उत्तरेस आली. त्यांनी आपल्याबरोबर श्रद्धेप्रमाणेच गाण्याची रीतही आणली. त्यामुळे या प्रदेशाच्या उपासनासंगीताचा विचार गोव्यापासूनच सुरू करावा लागतो.

गोव्यातील पहिल्या मिशनऱ्यांपुढे भाषेचा प्रश्न होता. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी त्याचे जे उत्तर दिले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अढळ झाले आहे. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वी पुराणश्रवणाची सवय होती. तिला पर्याय देण्यासाठी हा ग्रंथ रचला गेला आणि रविवारी व सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जाई. ओवीचे वाचन म्हणजे एका ठरावीक सुरातील पठणच. श्रोत्यांना त्या सुराचा परिचय घरातूनच होता. जात्यावरची ओवी बाई स्वतः गात असे, तर पुराणातील ओवी ती ऐकत असे. दोन्ही ठिकाणी छंद एकच होता.

हा धागा पुढे तुटला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढून लोकांना पोर्तुगीज शिकण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतील अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली, तीत लग्नप्रसंगी गायिल्या जाणाऱ्या ओव्यांचाही समावेश होता. जो छंद १६१६ मध्ये सुवार्तेचे वाहन ठरला होता, तोच सव्वाशे वर्षांच्या आत निषिद्ध ठरला. ओवीचा छंद मुळात लोकांच्या घरातला होता. चर्चमध्ये त्याने काय व्हावे हे मात्र सर्वस्वी सत्तेच्या इच्छेवर राहिले.

दुसरीकडे गोव्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण खोलवर रुजले. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिनवादन शिकविले जाई. हे शिकविणारा आणि चर्चमधील गायन चालविणारा 'मेस्त्रे' हा गावातील प्रतिष्ठित मनुष्य होता. त्याचे गायकवृंद चर्चच्या प्रवेशद्वारावरील सज्जात, म्हणजे 'कोरो'त, उभे राहत. तेथून ते लॅटिनमधील मिस्सा आणि उपवासकाळातील 'मोतेत' गात. या व्यवस्थेची रचना लक्षणीय आहे. गायक लोकांच्या मागे आणि वर होते. ते दिसत नसत, पण ऐकू येत. संगीत उच्च प्रतीचे होते, मात्र खाली बसलेला समूह बहुतांशी श्रोताच राहिला.

याच मेस्त्रेचे दुसरे रूप 'लदीन' या विधीत दिसते. घराच्या ओटीवर किंवा रस्त्याकडेच्या क्रुसापाशी मरियेची नाममाला गायिली जाते तेव्हा मेस्त्रे व्हायोलिन घेऊन लोकांच्या मध्येच उभा असतो. तो एकेक नाम उच्चारतो आणि प्रत्येक नामानंतर सारे लोक एकच लहान प्रतिसाद देतात. लदीनची परंपरागत भाषा लॅटिनच, शब्दार्थ बहुतेकांना अज्ञात. तरीही म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सारे गात. तीच परकी भाषा, तोच मेस्त्रे, तेच लोक. कोरोत मात्र समूह मूक होता आणि क्रुसापाशी तो गाता झाला. हा भेद केवळ भाषेने किंवा चालीच्या कुळाने उलगडत नाही. प्रतिसादाला मोकळी जागा ठेवणारी रचना आणि समूहात उभा असलेला नेता, ही त्याची कारणे आहेत.

परक्या चाली आणि मराठी शब्द

घाटमाथ्यावरील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांच्या कार्याचे मोठे केंद्र बनले. दक्षिण कोकणात वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने रुग्णसेवेचे काम उभे केले. या परंपरांत समूहगान हा उपासनेचा गाभा मानला जाई. म्हणूनच मिशनऱ्यांनी आरंभापासून इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे करून ती मूळच्या चालींवर बसविली.

येथे गायननेत्यासमोर एक तांत्रिक अडचण उभी राहिली. इंग्रजी पद्यरचना आघातावर चालते. तिच्या अनेक ओळींचा आरंभ दुबळ्या अक्षराने होतो, कारण उपपदे आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या आधी येतात. चालीतील पहिला जोरकस स्वर दुसऱ्या अक्षरावर पडतो. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात आणि अर्थवाही अक्षर बहुधा आरंभीच असते. त्यामुळे परक्या चालीतील जोर नेमका नको त्या अक्षरावर पडतो. ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर ताणले की 'दिन'चा 'दीन' होतो आणि 'सुत'चे 'सूत' होते. अभंगाच्या गायनातही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शिथिल होतो हे खरे. परंतु तेथे चरणाचा विसावा अर्थाच्या विसाव्याशी जुळलेला असल्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. भाषांतरित गीतात पुष्कळदा वाक्य अर्धवट असतानाच ओळ संपते. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत ही अडचण अधिकच जाणवते.

अशा वेळी नेत्याला दोनच मार्ग उरत. एक, चाल जशीच्या तशी राखून शब्दांची मोडतोड सहन करणे. दुसरा, शब्द सांभाळून चाल वळविणे. समूहाने कालांतराने दुसरा मार्ग आपोआप स्वीकारलेला दिसतो. मराठी मंडळ्यांत जुन्या इंग्रजी चाली संथ झाल्या, त्यांना मींड आणि हरकती आल्या. शिक्षित संगीतकाराला हा बिघाड वाटतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती समूहाने केलेली दुरुस्ती होय.

कीर्तन ते 'उपासना संगीत'

या अडचणीतून दुसरी वाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. १८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग सुरू झाले. कृष्णराव रत्नोजी सांगळे हे त्यांतील अग्रणी कवी-कीर्तनकार होत. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, पदे आणि साक्या हे सारे परिचित साधन बायबलमधील कथांसाठी वापरले गेले. अनेक नवख्रिस्ती मंडळींना या बदलाविषयी संकोच होता. जे मागे सोडून आलो तेच पुन्हा दारातून आत येते आहे, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या दलित कुटुंबांना देवळाच्या आतील कीर्तनाला कधी प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी 'आपले देशी संगीत' या शब्दांचा अर्थ उच्चवर्णीय कवीला वाटे तितका सरळ नव्हता. गायननेत्याला या सामाजिक स्मृतीचेही भान ठेवावे लागे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. टिळकांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. म्हणजे ते कोकणचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढील आयुष्याचा मोठा काळ अहमदनगरात गेला. संतकाव्याचा संस्कार, वृत्तांवरील प्रभुत्व आणि भक्तीची आर्तता या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या अडीचशेहून अधिक रचना समाविष्ट झाल्या. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा संग्रह आजही गायिला जातो. १९७० मध्ये 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना होऊन निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. एकत्र गाण्यासाठी त्यांच्यापाशी टिळकांची गीते आधीच होती.

टिळकांचे यश केवळ देशी छंद वापरण्यात नाही. त्यांच्या अनेक गीतांना लहान, सहज लक्षात राहणारे ध्रुपद आहे. निरक्षर स्त्री-पुरुषही दोन वेळा ऐकून ते म्हणू शकत. ज्या समाजात साक्षरता अल्प आणि पुस्तके मोजकी होती, तेथे नेत्याने ओळ सांगायची आणि मंडळीने ती उचलायची हीच व्यवहार्य पद्धत होती. ही पद्धत युरोपलाही अपरिचित नव्हती. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेत, ज्या मंडळीत बहुतेकांना वाचता येत नाही तेथे नियुक्त व्यक्तीने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी, असे सुचविले आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात अठराव्या शतकात या रीतीविरुद्ध चळवळ झाली. स्वरलेखनाचे शिक्षण वाढले, गायकवृंद तयार झाले आणि गायनाचे नेतृत्व हळूहळू प्रशिक्षितांकडे गेले. अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था याच न्यू इंग्लंडमधील. तेथे मागे पडलेली ओळ सांगण्याची रीत त्यांना महाराष्ट्रातील भजनात पुन्हा भेटली, हा इतिहासातील एक लक्षणीय योग होय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर

कॅथलिक उपासनेत लोकभाषेला निर्णायक स्थान मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२–१९६५). ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हे सर्व सुधारणांचे ध्येय ठरविले. त्यात ग्रेगरियन गायनाचे मानाचे स्थान कायम ठेवूनही मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य महत्त्व देण्यास सांगितले आहे. १९०३ च्या दहाव्या पायस यांच्या आदेशाने स्त्रियांना चर्चच्या गायकवृंदात स्थान नाकारले होते. १९६७ च्या 'मुझिकाम साक्राम' या सूचनापत्रात स्त्री-पुरुषांचा मिश्र वृंद मान्य झाला. त्याच पत्रात, जेथे लहानसा वृंदही उभा करणे शक्य नाही तेथे निदान एक-दोन प्रशिक्षित गायक असावेत आणि त्यांनी साध्या गीतांद्वारे लोकांना गाते करावे, असे म्हटले आहे. कोकणातील छोट्या चर्चसाठी ही सूचना अत्यंत उपयुक्त होती.

गोव्यात कोकणी उपासनागीतांची मोठी निर्मिती झाली. 'गायनांचो झेलो' हे त्याचे प्रसिद्ध फलित असून वास्को द रेगो या जेझुइट धर्मगुरूंचा या कार्यात मोलाचा वाटा आहे. वसई परिसरात मराठी उपासनेची परंपरा दृढ झाली. दक्षिण कोकण या दोन प्रवाहांच्या मध्ये राहिले. धर्मप्रांतीय दृष्ट्या दीर्घकाळ गोव्याशी जोडलेला हा प्रदेश पुढे पुणे धर्मप्रांतात आला आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. कोकणी आणि मराठी या दोन्ही गीतपरंपरांना त्यात एकत्र नांदावे लागते.

दक्षिण कोकणातील गायननेत्यापुढील प्रश्न

या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या गायननेत्यासमोरील आव्हाने पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिले आव्हान भाषेचे. घरात कोकणी किंवा मालवणी, शाळेत मराठी, तरुणांच्या भ्रमणध्वनीवर इंग्रजी आणि हिंदी भक्तिगीते, अशी स्थिती एकाच कुटुंबात आढळते. वृद्धांना कोकणी गीत मुखोद्गत असते, पण मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला रोमन लिपीतील कोकणी वाचता येत नाही. गीताची निवड ही त्यामुळे एका पिढीला बोलते करणे आणि दुसरीला गप्प करणे ठरू शकते.

दुसरे आव्हान पट्टीचे. एकल गायक आपला गळा खुलेल अशी पट्टी धरतो. समूहात बायका, पुरुष, मुले आणि वृद्ध असतात. त्यांची सामायिक स्वरमर्यादा एका सप्तकाहून फारशी मोठी नसते. नेत्याने पट्टी दोन स्वर वर नेली की पुरुष गप्प होतात, फार खाली आणली की स्त्रियांचा आवाज मरतो. लोक गात नाहीत अशी जी तक्रार नेहमी केली जाते, तिच्या मुळाशी भक्तीचा अभाव असण्यापेक्षा चुकीची पट्टी असण्याचा संभव अधिक आहे.

तिसरे आव्हान ध्वनिवर्धकाचे. आजचा नेता बहुधा वेदीच्या एका बाजूला, कीबोर्डजवळ, ध्वनिक्षेपक हाती घेऊन उभा असतो. तो लोकांसमोर आला, परंतु त्याचा वाढविलेला आवाज समूहाच्या आवाजावर पडदा टाकतो. स्वतःचा आवाज कानी न आलेला माणूस फार काळ गात नाही. सज्जावरच्या कोरोने जे अंतर निर्माण केले होते, तेच अंतर यंत्राने समोरून निर्माण केले आहे.

चौथे आव्हान मनुष्यबळाचे. मेस्त्रेला समाजात मान आणि काही मोबदला असे. आजचे काम बहुतांशी स्वेच्छेचे आहे. शिक्षण आणि नोकरीसाठी तरुण मुंबई, पुणे, गोवा किंवा आखाती देशांत जातात. नाताळला आणि मे महिन्यात चाकरमानी परततात तेव्हा वृंद भरून येतो. एरवी पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सारा भार दोघा-तिघांवर असतो. सणासाठी बसविलेली चौसुरी रचना त्या दिवशी निरुपयोगी ठरते. तेव्हा ज्याच्या आधारे चर्च गाते राहील, असा पंधरा-वीस गीतांचा सर्वांना पाठ असलेला संचच खरा ठेवा ठरतो.

पाचवे आव्हान विधीच्या शिस्तीचे. मिस्सेत प्रत्येक गीताला नेमके स्थान आणि कार्य असते. आगमनकाळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळ यांचा भाव भिन्न असतो. लोकप्रिय गीत आणि प्रसंगोचित गीत यांत निवड करताना नेत्याला प्रसंगी अप्रियता पत्करावी लागते.

भजनपरंपरेचा दाखला

वालावलसारख्या गावातील भजन येथे दोन प्रकारे बोधक ठरते. नित्याच्या भजनात बुवा पेटीवर चरण सांगतो, भोवती बसलेले झांजवाले आणि गावकरी तो उचलतात, पखवाज त्यांना बांधून ठेवतो. बुवा समूहाच्या मध्ये असतो आणि लोकांचा आवाज चढला की स्वतःचा आवाज आवरता घेतो. ही रीत क्रुसापाशी लदीन म्हणणाऱ्या मेस्त्रेच्या रीतीहून मुळात भिन्न नाही. परंतु त्याच भजनाची डबलबारी झाली, दोन बुवांचा सामना रंगू लागला, की तोच गावकरी रसिक श्रोता बनतो. तेथे ते उचितच आहे, कारण तो कलेचा सामना आहे. उपासनेत मात्र असे घडले तर उपासनेचा हेतूच बाजूला पडतो. पूर्णतः देशी संगीतही समूहाला मूक करू शकते, याचा हा घरचाच पुरावा आहे.

निष्कर्ष

१. 'ख्रिस्तपुराणा'पासून 'उपासना संगीता'पर्यंत मराठी ख्रिस्ती समाजाने देशी छंदांचा समर्थ वापर केला. तथापि छंद देशी असणे ही समूहगानाची पुरेशी अट नाही.

२. लॅटिन लदीनमध्ये गाणारा समूह आणि देशी डबलबारीत ऐकणारा समूह ही दोन उदाहरणे दाखवितात की प्रतिसादाची जागा आणि नेत्याचे स्थान हे घटक निर्णायक असतात.

३. दक्षिण कोकणातील लहान चर्चमध्ये मोठ्या वृंदापेक्षा एक-दोन प्रशिक्षित गायननेत्यांची गरज अधिक आहे. त्यांच्या प्रशिक्षणात पट्टीची निवड, शब्दांच्या वजनाचे ज्ञान, द्विभाषिक संचाची आखणी आणि आवाज आवरण्याची शिस्त यांचा समावेश व्हावा.

४. वृद्धांच्या मुखी असलेली लदीनची स्थानिक रूपे, जुनी कोकणी-मराठी गीते आणि त्यांच्या चाली यांचे ध्वनिमुद्रण परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगीत विभागांनी हाती घ्यावे. या चाली स्वरलेखनात नाहीत. त्या गाणाऱ्या पिढीबरोबरच नाहीशा होतील.

गायननेत्याची कसोटी त्याच्या गाण्यात नसून तो थांबला असता काय घडते यात आहे. त्याने ओळ सोडून दिल्यावरही मंडळी ती पुढे नेत असेल, तर त्याचे काम झाले. चार शतकांच्या या इतिहासात ज्या रीती टिकल्या त्या याच कसोटीला उतरलेल्या आहेत.